समोरच्याची चावी खरी आहे का? अशी करा पडताळणी

व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नल या अ‍ॅपवर संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कूटबद्ध होतो, म्हणजे कुलूपबंद होतो, आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये उलगडतो. त्यासाठी समोरच्याची सार्वजनिक चावी लागते, म्हणजे संदेश बंद करण्यासाठी सगळ्यांना दिलेली डिजिटल चावी (उघडायची चावी फक्त त्याच्याकडे असते), आणि ती आपल्याला मिळते कंपनीच्या सर्व्हरकडून. अडचण नेमकी इथेच आहे. तिथे कुणी मधल्यामध्ये स्वतःची चावी पुढे केली, तर तो संदेश वाचून, खऱ्या चावीने पुन्हा बंद करून पुढे धाडू शकतो. गणित कितीही भक्कम असलं, तरी चावी कुणाची आहे हे त्यातून कळत नाही. ते माणसांनीच तपासावं लागतं.

फोनमधल्या प्रत्येकासाठी हा खटाटोप नको. वकील, डॉक्टर, पैशांचे व्यवहार जिच्याशी बोलता ती व्यक्ती, पत्रकार असाल तर बातमीचा स्रोत, इतक्यांपासून सुरुवात करा.

१. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या व्यक्तीचं चॅट उघडा, वरच्या नावावर टॅप करा आणि ‘एन्क्रिप्शन’वर जा. क्यूआर कोड आणि त्याखाली ६० अंक दिसतील. हा कोड तुमच्या दोघांच्या चाव्यांवरून बनतो; दोन्ही फोनवर तो सारखाच असला, तर चावी खरी. सिग्नलमध्येही असेच ६० अंक असतात.

२. प्रत्यक्ष भेट होत असेल तर एकाने दुसऱ्याचा क्यूआर कोड स्कॅन करावा. काम झालं.

३. भेट शक्य नसेल, मुलगी परदेशात असेल, तर साधा फोन लावा आणि अंक वाचून दाखवा. पाच-पाच अंकांचे बारा गट असतात. प्रत्येक अंक सुटा म्हणा. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ फोनवर सहज गल्लत करतात. निम्मे अंक एकाने वाचावेत, उरलेले दुसऱ्याने, म्हणजे नुसतं ‘हो, हो’ होत नाही.

त्याच चॅटमध्ये कोडचा स्क्रीनशॉट पाठवून जुळवू नका. मध्ये कुणी बसला असेल तर तो चित्रही बदलेल.

खरी कसोटी नंतर लागते. समोरच्याने फोन बदलला किंवा अ‍ॅप पुन्हा टाकलं की कोड बदलतो. बहुतेक वेळा कारण इतकंच साधं असतं, म्हणून लोक ती सूचना वाचतही नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये, खात्याच्या विभागात, सुरक्षा सूचना चालू करा. कोड बदलल्याचं दिसलं की फोन करून विचारा, “नवा फोन घेतलास का?” उत्तर ‘नाही’ आलं, तर नव्याने पडताळणी होईपर्यंत महत्त्वाचं काहीही पाठवू नका.

ईमेल कूटबद्ध करणारी पीजीपी ही प्रणाली वापरणाऱ्यांचं काम जास्त किचकट आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ते आणलं, तेव्हापासून हा प्रश्न सोबत आहे. जुन्या पद्धतीच्या की-सर्व्हरवर, म्हणजे सार्वजनिक चाव्या शोधायच्या ऑनलाइन यादीत, कुणीही कुणाच्याही नावाने चावी चढवू शकतो, त्यामुळे नाव आणि ईमेल पत्ता बघून विश्वास ठेवू नका. चावीच्या ठशाची (चावीवरून बनणाऱ्या अंक-अक्षरांच्या ओळखखुणेची) शेवटची ८ अक्षरं जुळणारी बनावट चावीही तयार करता येते. म्हणून सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकारात ठसा ४० अक्षरांचा असतो, तो पूर्ण जुळवा, आणि तोही चावीच्या मालकाच्या तोंडून ऐकून.