गरम झाली की सेल्फ घेईना: जुन्या मसल कारची दुरुस्ती करताना या चुका टाळा

सकाळी एका चावीत सुरू होणारी गाडी तासभर हायवेवर पळवली, पेट्रोल भरायला थांबलात, पंधरा मिनिटांनी चावी फिरवली आणि नुसते 'टक'. किंवा इंजिन झकास फिरते, पण पकडतच नाही. अर्धा तास बॉनेट उघडे ठेवले की काही झालेच नाही अशी सुरू होते. १९६४ ते १९७२ दरम्यानच्या शेवेल, कॅमारो, जीटीओ, मस्टँग, चार्जर या अमेरिकी मसल कारच्या (मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्यांच्या) मालकांना हे दुखणे पाठ आहे. इथे भर जनरल मोटर्सच्या व्ही-८ गाड्यांवर आहे, कारण त्यांत सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा आणि त्याचे दातेरी चाक पुढे ढकलणारा विजेचा चुंबक) स्टार्टरच्या अंगावरच असतो आणि एक्झॉस्ट त्याला जवळजवळ चिकटून जातो. फोर्ड आणि क्रायस्लरचे जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे.

थंड गाडी तपासणे

सगळ्यात महागडी चूक हीच. गाडी टो करून गॅरेजमध्ये आणायची, दुसऱ्या दिवशी मीटर लावायचा, सगळे आकडे ठीक यायचे, आणि मग 'स्टार्टरच गेला असेल' म्हणून नवीन बसवायचा. दोष उष्णतेचा आहे, तेव्हा तो गरम गाडीतच सापडणार. इंजिन बंद केले की पंखा थांबतो, कूलंट फिरायचे थांबते आणि बॉनेटखालचे तापमान खाली येण्याऐवजी चढते. दहा ते तीस मिनिटांची ती वेळ तपासणीची. मल्टिमीटर, टॉर्च, स्पार्क टेस्टर आणि अग्निशामक आधीच काढून ठेवा.

पहिला प्रश्न एकच: इंजिन फिरत नाही, की फिरते पण पकडत नाही? हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत. न फिरणाऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर उघडणे आणि फिरणाऱ्या गाडीला नवी बॅटरी घालणे, दोन्ही प्रकार रोज घडतात.

फिरतच नाही: स्टार्टर बदलण्याआधी

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशांवरची सोलेनॉइडची गुंडाळी १२० अंशांवर गेली की तिचा रोध जवळपास ४० टक्क्यांनी वाढलेला असतो. प्रवाह सुमारे २८ टक्क्यांनी घटतो, ओढ कमी पडते, स्प्रिंग मात्र तितकीच कडक राहते. तरीही ताजी वायरिंग असलेल्या गाडीत हे निभावते. निभावत नाही ते पन्नास वर्षांच्या वायरिंगमुळे: करंट बॅटरीपासून फायरवॉलच्या कनेक्टरमधून इग्निशन स्विचला, तिथून न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून (गाडी गियरमध्ये असताना सेल्फ रोखणारा स्विच) परत बाहेर, आणि मग जांभळ्या वायरने सोलेनॉइडच्या 'एस' टर्मिनलला पोहोचतो. प्रत्येक जोडावर थोडे थोडे व्होल्टेज सांडते.

गियर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि मदतनीस चावीवर. कॉइलच्या प्लसवरच्या सगळ्या वायरी काढून टेप लावा. एकच काढली तर सेल्फ मारताना दुसरीतून कॉइलला करंट मिळतो आणि इंजिन अचानक सुरू होऊ शकते. आता सेल्फ मारताना मोजा:

बॅटरीच्या दोन्ही पोलांमधले व्होल्टेज ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरीचा प्लस पोल ते स्टार्टरचा मोठा स्टड, फरक ०.५ व्होल्टपेक्षा कमी हवा. मायनस पोल ते इंजिन ब्लॉक, ०.२ व्होल्टपेक्षा कमी. आणि 'एस' टर्मिनल ते ब्लॉक, निदान ९ ते १० व्होल्ट. मीटरची टोके पोलवर टेकवा, केबलच्या क्लँपवर नाही. नाहीतर क्लँप आणि पोल यांच्यातला गंज मोजमापातून निसटतो.

मायनसचा आकडा वाईट आला तर अर्थिंग पाहा. रंगवलेल्या ब्लॉकवर किंवा ब्रॅकेटवर लावलेली केबल, आणि रिस्टोरेशनमध्ये परत न बसवलेली इंजिन ते बॉडीची पट्टी, हे नेहमीचे गुन्हेगार. बाजारातल्या स्वस्त ४ गेजच्या केबली काढून २ गेज घाला. बॅटरी डिकीत हलवली असेल तर १/०.

मोठ्या केबली ठीक आणि फक्त 'एस'वर व्होल्टेज कमी, असे निघाले तर उपाय स्वस्त आहे. चाळीस अँपिअरचा साधा रिले घ्या. जांभळी वायर ८६ला, ८५ अर्थला, ३० नंबर बॅटरी केबलवरून फ्यूज लावून, आणि ८७ वरून १० गेजची वायर 'एस'ला. आता इग्निशन स्विचला फक्त रिले ओढायचा असतो. पुष्कळ जण याऐवजी फेंडरवर फोर्डचा रिले लावून मोठी केबल त्यातून नेतात आणि स्टार्टरवर 'एस' आणि बॅटरी स्टड पट्टीने जोडून टाकतात. जुन्या स्टार्टरवर हे चालून जाते. कायम चुंबकाच्या मिनी स्टार्टरवर मात्र चावी सोडल्यावर फिरत राहिलेली मोटरच व्होल्टेज तयार करते, सोलेनॉइड लगेच सुटत नाही, आणि पिनियन (स्टार्टरचे छोटे दातेरी चाक) फ्लायव्हीलला घासत राहतो.

हेडर (नळ्यांचे बदललेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) असतील तर उष्णतेचाही बंदोबस्त करा. कारखान्यातून आलेली स्टार्टरची हीट शील्ड इंजिन उतरवताना काढली जाते आणि परत बसतच नाही. ती बसवा. नुसते ब्लँकेट गुंडाळत असाल तर ते हेडरला टेकू देऊ नका.

स्टार्टर बदलायचाच झाला तर शेवीच्या (शेव्हरोलेटच्या) स्टार्टरला खाचा असलेल्या मानेचे खास बोल्ट लागतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घातला की स्टार्टर किंचित सरकतो आणि पिनियन फ्लायव्हीलमध्ये रुतून बसतो. स्टार्टरच्या पुढच्या टोकाचा आधार-ब्रॅकेट फेकू नका. आधी होत्या तेवढ्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) परत घाला आणि दातांमधली फट तपासा.

टायमिंगला विसरणे

इंजिन अर्धा फेरा फिरते, अडकते, पुन्हा ढकलते, जणू बॅटरी संपली. हे बऱ्याचदा टायमिंगचे, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या किती आधी ठिणगी पडते याचे, काम असते. सुरुवातीचे टायमिंग १८-२० अंशांवर नेलेले आणि कॉम्प्रेशन दांडगे (१९७० च्या ४५४ एलएस६चे ११.२५:१ होते) असे असेल, तर गरम इंजिनात मिश्रण पिस्टन वर पोहोचण्याआधीच जोरात पेटते आणि त्याला उलटे ढकलते.

तपासणी फुकटची आहे. कॉइलच्या वायरी काढलेल्याच आहेत. त्या अवस्थेत गरम इंजिन झरझर फिरले, आणि वायरी जोडल्यावर अडखळले, तर स्टार्टर निर्दोष आहे. सुरुवातीचे टायमिंग १०-१२ अंशांवर आणा आणि एकूण ३४-३६ राहील अशी डिस्ट्रिब्युटरची बेरीज जुळवा. त्याआधी डिस्ट्रिब्युटरमधली वजने गंजून उघडी अडकलेली नाहीत ना, हे हाताने रोटर फिरवून पाहा. सोडल्यावर तो मागे आला पाहिजे.

फिरते पण पकडत नाही: रेस मारत बसणे

इथे एअर क्लीनर उघडून कार्ब्युरेटरमध्ये डोकावण्याआधीच लोक पॅडल पंप करायला लागतात. प्रत्येक पंपाला अॅक्सिलरेटर पंप पेट्रोलची पिचकारी आत सोडतो. इंजिन आधीच पेट्रोलने भिजले असेल तर तुम्ही त्याला बुडवता आहात.

गरम इंजिनावर बसलेल्या कार्ब्युरेटरच्या बाउलमधले (पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातले) पेट्रोल उकळते आणि दूध उतू जावे तसे बूस्टरमधून (कार्ब्युरेटरच्या गळ्यातल्या तोटीतून) मॅनिफोल्डमध्ये गळते. टॉर्च मारलीत की थेंब दिसतात, वासही येतो. अशा वेळी पॅडल पूर्ण खाली दाबून तसेच धरा, हलवू नका, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. मधे स्टार्टरला विसावा द्या. पकडले की काळा धूर निघेल, मग पाय सोडा.

याच्या अगदी उलटा प्रकार म्हणजे पेट्रोलच्या लाइनमध्ये वाफ अडकणे. तेव्हा बाउल कोरडा असतो. ओळखायची खूण: इंजिन बंद असताना थ्रॉटल हाताने एकदाच उघडा. पिचकारी दिसली तर बाउलमध्ये पेट्रोल आहे. नाही दिसली तर पंपाकडून पुरवठा तुटला आहे.

बाउल उकळण्यामागे मोठे कारण आजचे पेट्रोल. ते साधारण ३५-४० अंशांपासूनच उकळू लागते, आणि त्यात मिसळलेले थोडे इथेनॉल वाफेचा दाब आणखी वाढवते. अमेरिकेत पंपावर १० टक्के इथेनॉल सर्रास असते, भारतात आता २० टक्के. शक्य असेल तिथे इथेनॉलविरहित पेट्रोल भरा. टाकीत हिवाळ्याचे (लवकर वाफ होणारे) पेट्रोल राहिले आणि एप्रिलमध्ये अचानक ऊन वाढले, की तक्रारी सुरू होतात.

पण पेट्रोलला शिव्या देऊन कार्ब्युरेटर थंड होत नाही. पॅसेंजर बाजूच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा हीट रायझर व्हॉल्व्ह (थंड इंजिन तापवायला एक्झॉस्ट वळवणारी झडप) पाहा. त्याचे वजन हाताने मोकळे हलले पाहिजे (गाडी थंड असताना!). बंद अवस्थेत गंजला असेल तर एक्झॉस्टचा सगळा झोत कार्ब्युरेटरच्या खालून जातो. ग्राफाइटवाले वंगण टाकून, ठोकून मोकळा करा. नाहीच झाला तर तारेने उघडा बांधा. मॅनिफोल्ड गॅस्केटने क्रॉसओव्हर (कार्ब्युरेटरखालून एक्झॉस्ट नेणारी वाट) बंद करणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या: चोकची स्प्रिंग मॅनिफोल्डमधल्या खोबणीत बसवलेली असेल तर तिला उष्णता मिळणार नाही, चोक उघडणार नाही, आणि गाडी नेहमीच जास्त पेट्रोल ओढेल. मग इलेक्ट्रिक चोक घ्यावा लागतो.

कार्ब्युरेटरखाली अर्धा इंच फेनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा) स्पेसर घाला. बॉनेट बसते का, हे एअर क्लीनरच्या वर मातीचा गोळा ठेवून बॉनेट अलगद बंद करून पाहा.

मग फ्लोट, म्हणजे बाउलमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा. हॉली ४१५० कार्ब्युरेटरमध्ये बाजूचा प्लग काढला की पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाशी असावे. पंपाचा दाब ५ ते ७ पीएसआयच्या वर गेला की नीडल (बाउलमध्ये पेट्रोल रोखणारी सुई) धरत नाही, एडलब्रॉकच्या कार्ब्युरेटरला ५.५ पुरे होतो. वातानुकूलित गाड्यांमध्ये जनरल मोटर्सने पेट्रोल परत टाकीत नेणारी लाइन दिली होती, ती कुणीतरी बंद केलेली असते. क्रायस्लरच्या मोठ्या इंजिनांवरचा तीन नळ्यांचा वेपर सेपरेटर (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारा डबा) बसवताना परतीची नळी वर आली पाहिजे. आडवा बसवलात तर तो काही कामाचा नाही.

लाइनवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावण्याची पद्धत अजून दिसते. ते निरुपद्रवी आहेत, एवढेच. इंजिनवर लावलेला काचेचा फिल्टर मात्र धोकादायक आहे, काढून टाका. रबराची नळी इथेनॉल सोसणारी घ्या.

ठिणगीकडे न पाहणे

पेट्रोल ठीक असूनही पकडत नसेल तर गरम असतानाच स्पार्क टेस्टर लावा. पॉइंटवाल्या (जुन्या यांत्रिक इग्निशनच्या) गाडीत सेल्फ मारताना सोलेनॉइडचे 'आर' टर्मिनल कॉइलला पूर्ण व्होल्टेज देते. नव्या मिनी स्टार्टरवर ते टर्मिनल नसेल तर कॉइलला रोधाच्या वायरमधूनच करंट मिळतो. लक्षण स्पष्ट असते: सेल्फ मारताना काही नाही, चावी सोडली त्या क्षणी पकडते. 'एस'वरून डायोड लावून कॉइलला वायर न्या. डायोड नसेल तर करंट उलटा जाऊन सोलेनॉइड ओढला जाऊ शकतो. एचईआयला (जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला) पूर्ण १२ व्होल्ट थेट दिलेले असतील तर हा प्रश्न नाही.

क्रायस्लरमध्ये उलटे: सेल्फ मारताना सुरू होते आणि चावी सोडली की मरते. फायरवॉलवरचा पांढरा बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध) तुटला आहे. एक जादा डॅशमध्ये टाकून ठेवा.

काम झाल्यावर अर्धा तास हायवेवर चालवा, बंद करा, आणि बॉनेट मिटलेलेच ठेवून वीस मिनिटांनी सेल्फ मारा. बॉनेट उघडे ठेवून घेतलेली चाचणी धरू नका.