वडिलांचं हरवलेलं आधार कार्ड परत कसं मिळवलं

एसटीच्या गर्दीत वडिलांचं पाकीट मारलं गेलं आणि त्यातच आधार कार्ड गेलं. आधी पोलिसांत तक्रार नोंदवली. आधार नंबर जुन्या झेरॉक्सवर सापडला, त्यामुळे कार्ड ऑनलाइन काढणं सोपं वाटलं. पण ओटीपी येईना, कारण आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडला होता. खरी अडचण हीच असते.

नवा मोबाईल नंबर जोडायला वडिलांना घेऊन आधार केंद्रात गेलो. त्यासाठी कागदपत्रं लागत नाहीत, माणूस स्वतः हजर लागतो. आयुष्यभर शेतात राबलेली बोटं, ठसा काही उमटेना. तिथल्या ताईंनी न कंटाळता बोटं पुसून पुन्हा पाहिलं, शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून काम झालं. फार बरं वाटलं.

नंबर जोडला गेल्यावर आधारच्या संकेतस्थळावरून ई-आधार, म्हणजे कार्डाची डिजिटल फाईल, लगेच उतरवलं. छापील कार्डाइतकंच ते ग्राह्य असतं. फाईलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. खिशात ठेवायला पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचं कार्डही मागवलं, ते स्पीड पोस्टाने घरी आलं. बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे आणि बुबुळं, मात्र त्याच दिवशी लॉक केलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते वापरता येऊ नये. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांचा जोडलेला नंबर चालू आहे ना, एवढं आजच बघा. अडलात तर आधारच्या हेल्पलाइनला, १९४७ वर फोन लावा.