रेसिंग टीम चालवताय? गॅरेजमधल्या या चुका टाळा

25 मार्च 2018, मेलबर्न. फॉर्म्युला वनमधल्या हास या छोट्या अमेरिकन टीमच्या दोन्ही गाड्या चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर धावत होत्या. केविन मॅग्नुसेन टायर बदलून पिटमधून (ट्रॅकच्या कडेला टायर बदलायची जागा) बाहेर पडला आणि लगेच त्याला गाडी थांबवावी लागली. दोनच लॅपनंतर रोमां ग्रोजाँचंही तेच झालं. दोन्ही वेळा चाकाचा नट क्रॉस-थ्रेड, म्हणजे आट्यांवर तिरका बसला होता. 22 गुण हातातोंडाशी येऊन गेले. ग्रोजाँ गॅरेजमध्ये परतला, तेव्हा एक मेकॅनिक पार कोसळला होता. ग्रोजाँने आधी त्याला जवळ घेतलं. त्याच वर्षी हास 93 गुणांसह पाचवी आली.

पुण्यातल्या एका कॉलेज टीमचा मी एक वर्ष कॅप्टन होतो. हे दृश्य मी तेव्हा नीट पाहिलं असतं, तर पुढची चूक माझ्या हातून झाली नसती.

पहिला प्रश्न "कोणी केलं?"

या सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या कॉलेज टीम्सच्या स्पर्धेसाठी गेलो होतो. ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात, नाहीतर पुढच्या फेऱ्यांना गाडी उतरवताच येत नाही. आमचं मागचं एक चाक फिरतच राहिलं. पुन्हा ब्लीडिंग केलं, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, पुन्हा तेच. शेवटी कॅलिपरजवळच्या (ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) बोल्टपाशी ब्रेक ऑइल पाझरताना दिसलं. तेव्हा फर्स्ट इयरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "दादा, मला काल रात्रीच ओलं लागलं होतं हाताला."

तो बोलला का नाही? आदल्या दिवशी दुपारी टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) पाडला म्हणून मी दुसऱ्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं होतं. हे त्याने पाहिलं होतं. गळती वॉशरची होती, पण ती रात्रभर लपून राहिली ती माझ्या आवाजामुळे.

मर्सिडीजने 2014 ते 2021 अशी सलग 8 वर्षं फॉर्म्युला वनची कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप, म्हणजे टीम्सचं विजेतेपद, जिंकली. दोष समस्येला द्यायचा, माणसाला नाही, असं टीमचा प्रमुख टोटो वोल्फ वारंवार सांगतो. याची कसोटी 2021 च्या मोनाको ग्रां प्रीत लागली. दुसऱ्या क्रमांकावरचा वॉल्टेरी बोटास पिटमध्ये आला आणि पुढचं उजवं चाक निघेचना. नट काढायची गन तिरकी बसली आणि नटाचे कंगोरे खरवडून गेले. स्क्रूच्या खाचेत पेचकस नीट न बसवता जोर लावला की खाच गुळगुळीत होते ना, तसंच. त्याची शर्यत तिथेच संपली आणि चाक गाडीवर तसंच टीमच्या ब्रॅकलीच्या कारखान्यात गेलं. टीमने नंतर गन कशी लागली, नट असा का झिजला, हे जाहीरपणे उलगडून सांगितलं. गन धरणाऱ्याला लोकांपुढे उभं केलं नाही. माझ्या मते कुठल्याही टीमने गिरवावा असा हा धडा आहे. हात कधीतरी तिरका पडणारच, मग तेवढ्याने निकामी होईल असा नट का ठेवायचा, हा प्रश्न त्यामुळेच विचारता येतो.

निर्णय झाला, निरोप पोचला नाही

मोनाकोतच 2016 साली रेड बुलचा डॅनियल रिकार्डो आघाडीवर असताना पिटमध्ये आला आणि टायरच तयार नव्हते. कोणते टायर लावायचे हे ऐनवेळी बदललं होतं आणि ते गॅरेजच्या मागच्या बाजूला पडले होते. शर्यत लुइस हॅमिल्टनने नेली. 2022 मध्ये मोनाकोतच, म्हणजे शार्ल लक्लेरच्या घरच्या ट्रॅकवर, फेरारीने त्याला "आत ये" सांगितलं आणि तो पिट लेनमध्ये शिरत असतानाच "थांब, बाहेर राहा". पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढून निघालेला पोरगा चौथा आला.

उपाय साधा आहे. शेवटचा शब्द एकाच माणसाचा. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवायचा. आणि ज्याच्या हातात टायर आहे, त्याला "थांबा, तयार नाही" म्हणायचा पूर्ण हक्क हवा, मग समोर कितीही मोठा साहेब असो.

माणूस हलवला की काम झालं असं समजणं

2023 च्या जुलैमध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीच्या शुक्रवारीच अल्पीन टीमने आपला टीम प्रिन्सिपल (टीमचा प्रमुख) ओटमार झाफ्नाउअर आणि त्या कारखान्यात 34 वर्षं काढलेले ॲलन पर्मेन जाणार असल्याचं जाहीर केलं. नंतरही माणसं बदलतच राहिली. 2022 ला चौथी असलेली टीम 2025 ला शेवटची, दहावी आली. कारणं अनेक असतील, पण दर वर्षी नवा साहेब आला की खालचा माणूस काम सोडून त्याचा अंदाज घेत बसतो, हे कुठल्याही कारखान्यात काम केलेला सांगेल.

माणसं मॅक्लारेननेही बदलली. पण आंद्रेआ स्टेला डिसेंबर 2022 मध्ये टीम प्रिन्सिपल झाला, तेव्हा आधी खरं बोलणं झालं. नवी गाडी ठरवलेल्या जागी पोचलेली नाही, हे टीमने मोसम सुरू होण्याआधीच कबूल केलं. मार्चमध्ये टेक्निकल डायरेक्टर गेला आणि त्या एका खुर्चीचं काम तिघांत वाटलं गेलं: एरोडायनॅमिक्स, गाडीची संकल्पना आणि इंजिनिअरिंग. कोणी कशाचं उत्तर द्यायचं हे स्पष्ट झालं. बहरीनमध्ये मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसला इंजिनमधला हवेचा दाब भरायला पुन्हा पुन्हा पिटमध्ये यावं लागलं होतं, तो जुलैत सिल्व्हरस्टोनला दुसरा आला. 2024 ला मॅक्लारेनने 1998 नंतर पहिल्यांदा कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकली.

तुमच्याकडे हे सुरू झालंय का?

रोजच्या मीटिंगमध्ये सगळं "ओके दादा" येतंय आणि दोष मात्र टेक इन्स्पेक्शनलाच (स्पर्धेतल्या गाडीच्या तपासणीत) सापडतायत, तर समजा मुलं घाबरलीत. प्रश्न कायम तेच दोघं विचारत असतील, तरी तेच. अशा वेळी भाषण देऊ नका. रात्री गॅरेज बंद करताना प्रत्येकाला, सगळ्यात ज्युनिअर मुलापासून सुरुवात करून, एकच विचारा: "आज हाताला काय वेगळं लागलं?" आणि उत्तर आलं की लगेच टॉर्च घेऊन त्याच्याबरोबर गाडीखाली जा. काही सापडलं नाही तरी जा.

पुढच्या वर्षी नव्या कॅप्टनने गॅरेजच्या दाराशी एक वही टांगली. पहिलं पान मी लिहिलं: तारीख, ओला बोल्ट, आणि त्या दुपारी मी कोणाला काय बोललो ते.