पेटी बाजूला ठेवा, आधी ईसोन धरा

रोमेनियन परंपरेतलं बायझंटाईन, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चमधलं, संगीत बसवायला मराठवाड्यात गळ्यांची वाण नाही. जालन्याच्या चर्चमध्ये गाणारी मंडळी असोत, नाहीतर परभणी-बीडकडचं भजनी मंडळ, सूर धरायची सवय सगळ्यांना असते. घोळ होतो तो पेटीमुळे.

हे गाणं वाद्याविना गातात. सप्तकाचे ७२ भाग धरतात आणि नी, पा, वू, गा, दी, के, झो, वरचा नी या स्वरांमधली अंतरं अनुक्रमे १२, १०, ८, १२, १२, १०, ८ अशी पडतात. इथला नी म्हणजे आपल्या षड्जाची जागा आणि पा दुसरा स्वर, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना घोकायला लावा. मोबाइलच्या ट्यूनरवर पांढरी एकला नी धरला, तर वू आणि झो पेटीच्या स्वरापेक्षा ३३ सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली दिसले पाहिजेत. सरावात वू खाली येतो, पण वू ते गा हे ८ भागांचं अंतर सवयीने पेटीच्या अर्ध्या स्वराइतकं, म्हणजे ६ भागांचंच घेतलं जातं. गा तिथेच २ भाग कमी पडतो आणि पुढची ओळ उतरत जाते. म्हणून वू-गा, गा-वू एवढंच रोज दहा मिनिटं घोटा.

खरी कसोटी ईसोनची, म्हणजे चालीखाली सतत धरलेल्या आधारस्वराची. सात जण असतील तर चौघांनी चाल घ्यावी, तिघांनी ईसोन. गोंधळातला झीलकरी ओळीचा शेवट उचलतो. ईसोनवाला पहिल्या अक्षरापासून आत असतो, आणि त्याचा आवाज चालीपेक्षा हलका हवा. तिघांनी एकदम श्वास घेतला की स्वर तुटतो आणि परत लागताना हमखास खाली लागतो. शेजारचा गात असताना, तेही शब्दाच्या मध्येच, श्वास घ्यायचा आणि हळूच आत शिरायचं. चाल दुसऱ्या स्वरगटात गेली की ईसोनही सरकतो. त्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवा. तंबोरा सुरुवातीपुरता चालेल, पण पंचमाची तार बंद करून. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणं अवघड, आणि त्याच्या घुईकडे गळा नकळत ओढला जातो. तालीम पहाटे ठेवा.

आजची स्वरलिपी १८१४च्या सुधारणेतली. मकारिये या भिक्षूने १८२३ साली व्हिएन्नात रोमेनियन भाषेतली पुस्तकं याच लिपीत छापली. खुणा स्वराचं नाव सांगत नाहीत, चाल किती पायऱ्या सरकली ते सांगतात: ईसोनची खूण म्हणजे तोच स्वर, ओलिगोन एक वर, अपोस्त्रोफ एक खाली, एलाफ्रोन दोन खाली. एक खूण चुकली की पुढचं सगळं चुकतं. मधूनमधून येणाऱ्या, स्वराचं नाव सांगणाऱ्या मार्तुरिया या खुणेपाशी थांबून आपण खरंच त्या स्वरावर आहोत का ते बघा. आधी स्वरनावांनी गायचं, याला पारालागिये म्हणतात, शब्द नंतर.

उच्चारात मराठी माणसाला बरंच आयतं मिळतं. रोमेनियनमधला शेपटीवाला टी (ț) म्हणजे ‘चमचा’तला च, आणि वाटी काढलेला ए (ă) जवळपास आपला अ. टोपीवाल्या स्वरासाठी (â, î) ओठ गोल न करता उ म्हणायचा.

पहिली रचना आठव्या ग्लासातली, म्हणजे आठव्या स्वरपद्धतीतली, ‘द्वाम्ने मिलुयेश्ते’ घ्या. आधार नी, शब्द दोनच, लक्ष पूर्ण स्वरांवर राहतं. त्यानंतर पाचव्या ग्लासातलं ईस्टरचं ‘ह्रिस्तोस आ इन्विआत’. इथे ईसोन पा वर. सहावा ग्लास घाईने घेऊ नका. त्यातलं ६-२०-४ भागांचं अंतर भैरवाच्या पूर्वांगासारखं वाटतं आणि गळा लगेच रिषभावर आंदोलन घालतो. ते इथे चालत नाही. त्या ६ भागांवर स्वर सरळ उभा राहीपर्यंत चौघांनी तो एकेकट्याने, ईसोनवर म्हणून दाखवावा.