आधी स्वतःची चूक सांगा: हाताखालच्या माणसांना कामाची ओढ कशी लावावी

हाताखालच्या माणसांनी मन लावून काम करावे असे वाटत असेल, तर सुरुवात बक्षिसांच्या योजनेने करू नये. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोडी सोडवण्याबद्दल पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे बंद होताच मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले. कामात आपले काही चालावे, ते आपल्याला जमते आहे हे जाणवावे आणि सोबतच्यांत आपलेपणा असावा, या तीन गरजांवर डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे भर दिला. पगार मात्र रास्त आणि वेळेवर हवाच. त्याची जागा गोड बोलण्याने भरून निघत नाही.

पहिले आणि सर्वांत कठीण काम म्हणजे आपली चूक चारचौघांत कबूल करणे. पाळी सुरू होताना पाळीप्रमुखाने म्हणावे, “काल माल परत आला, कारण ड्रॉइंगमधला बदल मी तुमच्यापर्यंत पोहोचवला नव्हता.” आणि तिथेच थांबावे. “पण तुम्हीही विचारायला हवे होते” असे शेपूट जोडले की कबुलीचा आरोप होतो आणि ऐकणारे पुन्हा आपापल्या बचावाला लागतात.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेले एसएलव्ही-३ हे उपग्रह प्रक्षेपक रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले, तेव्हा पत्रकारांना इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः सामोरे गेले. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाल्यावर मात्र त्यांनी प्रकल्पसंचालक अब्दुल कलामांना पुढे केले. माझ्या मते नेतृत्वाचा खरेपणा या क्रमात आहे.

कौतुक करताना नुसते “शाबास” म्हणू नये. कोणी काय हेरले आणि त्यामुळे काय वाचले, ते नाव घेऊन सांगावे. काम सोपवताना काय हवे, कधी हवे आणि का हवे हे स्पष्ट करावे. सुरक्षिततेचे नियम तेवढे पाळायचेच; बाकी काम कसे करायचे, हे करणाऱ्यावर सोपवावे.

खरेपणा म्हणजे मनातली प्रत्येक चिडचिड बोलून दाखवणे नव्हे. कोणी आपणहून चूक सांगायला आला, तर “कोणी केली?” हा प्रश्न गिळून टाकावा, त्याला बसायला सांगावे आणि विचारावे, “कधी लक्षात आले, आणि आता माझ्याकडून काय हवे?”