पिनबॉल यंत्रात जादा एलईडी दिवे कसे बसवावेत

पिनबॉलच्या यंत्रात दिवे पुष्कळ असले, तरी प्लेफील्डचा, म्हणजे चेंडू ज्यावर खेळतो त्या उतरत्या फळीचा, मधला भाग बहुधा अंधुकच राहतो. सतत पेटणारे दिवे स्लिंगशॉट (फ्लिपरच्या वरचे, चेंडू उडवणारे त्रिकोणी भाग), बंपर (चेंडूला धक्का देणारे गोल खांब) आणि कडेच्या प्लास्टिकखाली दडलेले असतात, आणि चेंडू वेग घेतो तो नेमका मोकळ्या जागेत. जादा दिवे लावायचे ते चेंडू शेवटपर्यंत स्पष्ट दिसावा यासाठी. केवळ झगमगाटासाठी लावलेला प्रकाश डोळ्यांवर येतो आणि खेळाचा विचका करतो. म्हणून आधी खोलीतला प्रकाश मंद करावा, यंत्र चालू करून खेळाडूच्या जागी उभे राहावे आणि चेंडू कोठे दिसेनासा होतो त्या जागा कागदावर टिपून ठेवाव्यात. बहुतेक यंत्रांत अशा दोन-तीनच जागा निघतात, आणि तेवढ्याच उजळल्या तरी काम भागते.

काम सुरू करताना यंत्र केवळ स्विचने बंद न करता प्लग काढावा. नाण्यांचे दार उघडल्यावर कॉइलची, म्हणजे फ्लिपर-बंपर हलवणाऱ्या विद्युतचुंबकांची, वीज तोडणारा स्विच काही यंत्रांत असतो. पण मुख्य वीज आणि दिव्यांची वीज त्याने तुटत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहू नये. दारातून आतला खटका ओढला की पुढची धातूची पट्टी उचलली जाते आणि काच आपल्याकडे सरकवून बाहेर काढता येते. ही काच टेम्पर्ड असते. तिचा कोपरा कठीण फरशीवर टेकला तर ती चुरा होऊ शकते, म्हणून ती जाड कापडावर उभी ठेवावी. प्लेफील्ड उचलण्यापूर्वी सर्व चेंडू काढून घ्यायला विसरू नये, अन्यथा ते गडगडत मागे जाऊन नाजूक भागांवर आदळतात.

खरा विचार करायचा तो वीज कोठून घ्यावी याचा. १९९० च्या दशकातील विल्यम्स आणि बॅली यंत्रांचे उदाहरण घेऊ. त्यांत सर्वसाधारण प्रकाशाचे, म्हणजे सतत पेटणारे दिवे ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या सुमारे ६.३ व्होल्ट एसीवर चालतात. खेळातील प्रसंगानुसार पेटणारे दिवे मात्र आठ स्तंभ आणि आठ ओळींच्या मॅट्रिक्सवर असतात, आणि तेथे प्रत्येक स्तंभाला आळीपाळीने क्षणभरच वीज मिळते. या मॅट्रिक्सवर जादा दिवा जोडू नये. तो लुकलुकत राहील आणि ट्रान्झिस्टरवर नसता भार येईल. कॉइलची वीज ५० व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असते. तिची तार दिव्यांच्या किंवा स्विचच्या तारेला चुकून टेकली, तर बोर्डावरील चिप जळायला क्षणही लागत नाही. दिवे मुळातच एलईडीचे असून थेट सर्किट बोर्डावर बसवलेले आहेत अशा अलीकडच्या यंत्रांत त्या बोर्डांना हात न लावता स्वतंत्र अॅडॉप्टरच वापरावा.

एक-दोन छोटे स्पॉटलाइट लावायचे असतील, तर सर्वसाधारण प्रकाशाच्या साखळीवर (त्या दिव्यांना वीज नेणाऱ्या तारांच्या जोडीवर) समांतर जोडणी करणे सर्वांत सोपे. त्या साखळीतील ४४ क्रमांकाचा जुना तारेचा दिवा ०.२५ ॲम्पिअर विद्युतप्रवाह घेतो, तर तेथे बसणारा एलईडी त्याच्या अगदी थोड्या अंशावर चालतो. त्यामुळे जुने दिवे आधीच बदलले असतील तर दोन जादा एलईडींचा भार नगण्य ठरतो. मात्र दिवा ६.३ व्होल्ट एसीसाठीच बनवलेला असावा. साधा एलईडी एसीवर अर्धाच वेळ पेटतो आणि नजरेच्या कडेला त्याची थरथर जाणवते. दिव्यात ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) असेल तर ती बरीच कमी होते. काही यंत्रांत हे दिवे मंद करण्याची सोय असते आणि एलईडी त्या वेळी फडफडतात. मेनूमध्ये ती सोय बंद करता येत असेल तर बंद करावी. दोन्ही तारा एकाच साखळीतून घ्याव्यात, शेजारच्या वेणीदार अर्थिंग तारेचा आधार परतीच्या मार्गासाठी घेऊ नये. साखळीचा कनेक्टर तपकिरी किंवा जळका दिसला, तर आधी तो बदलावा आणि मगच नवीन काही जोडावे.

दोन्ही बाजूंना लांब एलईडी पट्ट्या लावायच्या असतील, तर १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर घ्यावा. पट्टी निवडताना आकडे पाहावेत. मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० प्रकारची पट्टी सुमारे १४.४ वॅट, म्हणजे १.२ ॲम्पिअर घेते. तितक्याच एलईडींची ३५२८ प्रकारची पट्टी सुमारे ४.८ वॅट, म्हणजे ०.४ ॲम्पिअर घेते. माझ्या मते या कामाला दुसरी पट्टी पुरते, आणि तीही डिमर लावून कमी करावी. अशा दोन मीटर पट्टीला ०.८ ॲम्पिअर लागतो, म्हणून १.५ ॲम्पिअरचा अॅडॉप्टर आणि धन तारेवर १ ॲम्पिअरचा फ्यूज योग्य ठरतो. यंत्रातील सर्व्हिस सॉकेट पुष्कळदा मुख्य स्विच बंद असतानाही चालू राहते. तेथे अॅडॉप्टर लावला तर पट्ट्या रात्रभर जळत राहतील. यंत्राच्या १२ व्होल्ट डीसीवर एक छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) बसवून त्याच्या संपर्कातून पट्टीची वीज न्यावी, म्हणजे पट्ट्या यंत्राबरोबरच चालू-बंद होतात. रिलेच्या कॉइलवर उलट्या दिशेने डायोड लावणे आवश्यक आहे. मुख्य विजेच्या बाजूला काही बदल करायचा असेल, तर तो जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावा.

दिव्याची दिशा हा बारकाईने पाहण्याचा भाग आहे. स्लिंगशॉटच्या खांबावरील नटाखाली स्पॉटलाइटची पत्री अडकवून त्याचे तोंड खेळाडूपासून दूर, प्लेफील्डच्या मध्याकडे वळवावे. मग उजेड चेंडूच्या अलीकडच्या बाजूवर पडतो आणि दिवा स्वतः दिसत नाही. पत्री चेंडूच्या मार्गात येत नाही ना, हे प्रत्यक्ष चेंडू हाताने फिरवून तपासावे. कडेच्या पट्ट्या दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम चॅनेलमध्ये बसवून खाली तोंड करून लावाव्यात, कारण उघड्या एलईडींचे ठिपके काचेत आणि चेंडूच्या चकचकीत पृष्ठभागावर उमटतात. चॅनेल चिकटवण्याआधी प्लेफील्ड हळूहळू उचलून पाहावे. रॅम्पचे (चेंडू वर नेणाऱ्या उतरणींचे) कोपरे कडेला अगदी घासून जातात. रंगाबाबत सांगायचे तर लाल-पिवळ्या चित्रांवर ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार पांढरा प्रकाश खुलतो, तर निळ्या चित्रांवर थंड पांढरा शोभतो. रंगीत प्रकाश एकट्याने वापरू नये, त्याने चित्रातले बाकीचे रंग मारले जातात.

मगरी क्लिप चाचणीपुरत्या चालतात. कॉइलच्या धक्क्यांनी त्या सुटतात, म्हणून कायमचा जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवावी. पट्टीचे कापलेले टोकही उघडे ठेवू नये. हलत्या प्लेफील्डकडे जाणाऱ्या तारेला बिजागरीजवळ सैल वळसा द्यावा आणि मध्ये काढता-घालता येणारा कनेक्टर ठेवावा.

शेवटी मल्टिमीटरने शॉर्ट नाही याची खात्री करून, काच न लावताच यंत्र चालू करावे आणि मेनूतील स्विच चाचणीत एकेक ऑप्टो सेन्सर (प्रकाशाच्या झोतावरून चेंडू ओळखणारा सेन्सर) तपासावा. एखादा सेन्सर वागणे बदलत असेल, तर त्याच्यावर पडणारा नवीन उजेड वळवावा. अर्धा तास खेळ झाल्यावर प्लग काढून फ्यूजधारक आणि जोड हाताला गरम लागतात का ते पाहावे, आणि सारे ठीक असल्यास नवीन तारांचा आराखडा कॅबिनेटच्या आत चिकटवून मग काच बसवावी.