तारखेनुसार नोंदी काढताना या चुका टाळा

तारखेच्या अटीत चुकलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून नोंदी मागवणारी आज्ञा, सहसा एरर देत नाही. ती निमूटपणे कमी नोंदी देते, आणि पडद्यावर ओळी दिसल्या म्हणजे काम झाले असे मानणाऱ्या उतावीळ नवशिक्यांना न आलेल्या नोंदींचा पत्ताच लागत नाही.

सर्वांत जास्त वेळा आढळणारी चूक 'बिटवीन'ची, म्हणजे दोन टोकांच्या दरम्यानच्या नोंदी मागणाऱ्या अटीची आहे. १ मार्च ते ३१ मार्च अशी अट घातली की ३१ तारखेचा पूर्ण दिवस तीत आला, असे गृहीत धरले जाते. परंतु रकान्यात तारखेसोबत वेळही साठवलेली असेल, तर नुसती '२०२४-०३-३१' ही तारीख त्या दिवसाचे ००:०० वाजले अशी वाचली जाते आणि पुढचे दिवसभराचे व्यवहार गळतात. एका औषध वितरकाकडे जुने बिलिंग सॉफ्टवेअर केवळ तारीख साठवत असल्याने अहवाल बिनचूक येत असे. नव्या सॉफ्टवेअरने वेळही साठवायला सुरुवात केली आणि क्वेरीला कोणी हात न लावताही महिन्याच्या शेवटच्या दिवसाची विक्री अहवालातून गळू लागली. त्यातही मागाहून हाताने चढवलेल्या बिलांना वेळ नसल्यामुळे ती ००:०० ची म्हणून अहवालात येत राहिली, त्यामुळे शेवटच्या तारखेपुढे चार-दोन बिले दिसत आणि कोणाला शंका येत नसे. हिशेबनीस खतावणीशी न जुळणारी रक्कम दर महिन्याला 'फरक' म्हणून दाखवत होते. मार्चअखेरीस लेखापरीक्षकांनी तो फरक नाकारला, तेव्हा कुठे बिलांची यादी वेळेसकट काढून पाहण्यात आली.

यावर अनेक जण २३:५९:५९ जोडण्याचा तोडगा काढतात, जो मला मुळीच मान्य नाही. सेकंदाचे अंश साठवणाऱ्या रकान्यात शेवटच्या सेकंदातील नोंदी तरीही सुटतात. ०.९९९ जोडावे, तर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीतील रकान्याचा जुना 'डेटटाइम' प्रकार ती वेळ पुढच्या दिवसाच्या ००:०० वर नेतो आणि १ एप्रिलची वेळ नसलेली बिले मार्चमध्ये शिरतात. मी नेहमी दोन स्वतंत्र अटी लिहितो: तारीख >= '२०२४-०३-०१' आणि तारीख < '२०२४-०४-०१'. फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हा प्रश्नही त्यामुळे उरत नाही.

वर्ष किंवा महिना काढणारे फंक्शन रकान्यावरच लावू नये, कारण मग त्या रकान्याचा साधा इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्यासाठीची सूची) बहुधा वापरला जात नाही. 'बिटवीन'मध्ये मोठी तारीख आधी लिहिल्यास एकही नोंद मिळत नाही.

तारखा मजकुराच्या रकान्यात 'दिवस-महिना-वर्ष' अशा ठेवणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. तेथे तुलना डावीकडून एकेका अक्षराची होत असल्याने '०५-१२-२०२३' हे '२०-०१-२०२३' च्या आधीचे ठरते. अशा ठिकाणी क्वेरीत करामती करत बसण्यापेक्षा रकान्याचा प्रकारच बदलून घ्यावा.

सर्व्हरवर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली जात असेल, तर भारतातील १ एप्रिल तेथे ३१ मार्चच्या १८:३० वाजता सुरू होतो. अशा वेळी रकाना न बदलता अटीतील दोन्ही टोके साडेपाच तास मागे घ्यावीत. म्हणजे मार्चचा अहवाल २९ फेब्रुवारी २०२४ च्या १८:३० पासून ३१ मार्चच्या १८:३० च्या आधीपर्यंतचा निघेल.